शेठचं वजन आणि आपली मजुरी : विदर्भातल्या खेड्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना), दालमिल, राईस मिल, खाण, कृषी केंद्र, शिक्षणसंस्था यांच्या मालकांशी रोज गाठ पडणाऱ्या मजुरांचे, कास्तकारांचे आणि त्यांच्या घरच्यांचे हे प्रश्न आहेत. सगळ्यांची उत्तरे सारखी लांब नाहीत, कारण सगळे प्रश्न सारखे अवघड नाहीत.

पैसेवाले लोक सगळीकडेच असतात. आमच्याकडे त्यात वेगळं काय?

कोणाकडे पैसा आहे ही तक्रार नाहीच. अडचण होते ती एकाच घराच्या हाती किती दारं आहेत त्याने. समजा थोरल्या भावाची जिनिंग आहे आणि मधल्याचे कृषी केंद्र. धाकटा बाजार समितीत संचालक, वहिनी नगर परिषदेत, बाबूजी शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आणि व्याही पतसंस्थेत. कुटुंब काल्पनिक आहे, पण वाचताना तुमच्या मनात एक आडनाव आलेच असेल. आता कापूस कमी भरला म्हणून तुम्ही काट्यावर भांडायला गेलात, तर ते भांडण काट्यावर मिटत नाही. जूनमध्ये बियाण्याची उधारी बंद होते. पोरीच्या अकरावीच्या प्रवेशाला ‘जागा भरल्या’ असे ऐकायला मिळते. तोंडावर कोणी काही बोलत नाही आणि धमकी तर कोणीच देत नाही. तरीही पुढच्या वर्षी तुम्ही काट्यावर गप्प बसता.

याला जुना इतिहास आहे. पूर्व विदर्भातली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५१ मध्ये कायद्याने संपली, भंडारा-गोंदियात तलावांना मात्र अजून मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. पुढे १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, नंतरच्या दुरुस्तीने कोरडवाहू जमिनीला ५४ एकरांची मर्यादा लागली, आणि ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांनी ते गिरणीत, आडतीत, संस्थांमध्ये वळवले. त्यात गैर काही नाही. फक्त त्या घराशी आपला संबंध पूर्वी एका जमिनीपुरता होता, तो आता पाच-सहा ठिकाणी आला.

आमचा मालक खरंच चांगला माणूस आहे. मग हे सगळं कशाला?

असेलही. मध्यरात्री साप चावलेल्या मजुराला स्वतःच्या गाडीत घालून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेणारे मालक आपल्याकडे आहेत, आणि लोक ते विसरत नाहीत. विसरूही नये. पण गाडी कधी काढायची हे मालक ठरवतो, तर भविष्य निर्वाह निधी दर महिन्याला भरावाच लागतो. एकाच्या बदल्यात दुसरे सोडून देता येत नाही. ‘बाबूजींनी आपल्यासाठी इतकं केलं, त्यांना पीएफ कसा मागायचा?’ हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकले आहे, आणि ऐकवणारे बहुतेक साठीला आलेले असतात. तीस हंगाम काम करून हातात काहीच नसते. उलट मालक चांगला असेल तर हिशेब मागणे सोपे जाते, म्हणून तो आत्ताच मागावा. पुढची पिढी कशी निघेल कोणी पाहिले आहे?

मी हंगामात जिनिंगमध्ये असतो. हजेरी ठेकेदाराच्या वहीत. मला पीएफ लागू आहे का?

आस्थापनेत २० किंवा जास्त माणसे असतील तर पीएफ लागू होतो. ठेकेदाराची माणसेही त्या मोजणीत धरली जातात. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर जबाबदारी मूळ मालकावर येते. ‘तू माझा नाही, ठेकेदाराचा माणूस’ हे उत्तर पीएफच्या बाबतीत चालत नाही. हंगामी असणे हेही कारण होत नाही. राज्य कामगार विमा म्हणजे ईएसआय १० माणसांपासून आणि महिन्याला २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू होतो, पण फक्त हंगामात चालणाऱ्या जिनिंगसारख्या कारखान्यांना नाही.

व्यवहारात काय होते ते जिनाच्या आवारात संध्याकाळी उभे राहिल्यावर कळते. रेचे म्हणजे सरकी काढणारी यंत्रे चालू असतात, रुईची धूळ पापण्यांवर आणि भुवयांवर साचून पोरं म्हातारी दिसतात, बाया कवडी म्हणजे खराब कापूस वेगळा करत असतात, आणि दाराशी मुकादम दोन वह्या घेऊन बसलेला असतो. एका वहीत अठरा-एकोणीस नावे, दुसरीत बाकीची. तपासणीला पहिली वही जाते आणि मजुरीचा चुकारा दुसरीवर होतो. म्हणून स्वतःची वही ठेवा. तारीख, पाळी, काय काम केले, किती पैसे मिळाले, शेजारी कोण होते, सगळे लिहा. खाडाखोड नसलेली, रोजच्या रोज लिहिलेली साधी वही कामगार न्यायालयात उपयोगी पडते. पैसे फोनवर येत असतील तर ते संदेश पुसू नका.

बायांबद्दल एक गोष्ट जुन्या मुकादमांनाही माहीत नसते. प्रेसिंग म्हणजे गाठी बांधण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारे यंत्र ज्या भागात चालू असते, तिथे बायका आणि मुलांना कामाला लावायला १९४८ च्या कारखाना कायद्याने मनाई केली होती. यंत्रात कापूस घालायचे तोंड आणि कापूस बाहेर पडणारा भाग यांच्यामध्ये छतापर्यंत किंवा निरीक्षकाने ठरवलेल्या उंचीपर्यंत भिंत असेल तरच तोंडाकडच्या बाजूला सूट होती.

नवीन कामगार संहिता आल्या म्हणतात. फायदा की तोटा?

चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. जमेची बाजू म्हणजे प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले आणि किमान वेतनाचा हक्क सगळ्या कामांना आला. पण ‘कारखाना’ कशाला म्हणायचे ती मर्यादा वर गेली. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० ऐवजी २० कामगार, विजेशिवाय २० ऐवजी ४०. खेड्यातल्या लहान दालमिली, तेलघाण्या नेमक्या या दोन आकड्यांच्या मध्ये बसतात. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादाही १०० वरून ३०० कामगारांवर गेली. संपाआधी १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच आस्थापनांना लागते.

आमचे मत विचाराल तर नियुक्तिपत्राची तरतूद सगळ्यात मोलाची आहे, कारण आपल्याकडे भांडणाच्या पहिल्या दिवशी मालक ‘हा माणूस माझ्याकडे कामालाच नव्हता’ असे म्हणतो. पत्र एकट्याने मागू नका, पाळीतल्या सगळ्यांनी मिळून मागा.

भावाचा हात मशीनमध्ये गेला. मालक पन्नास हजार देतो, कागदावर अंगठा दे म्हणतो. घ्यावे का?

दवाखान्याचा खर्च घ्या. ‘यापुढे माझी काही मागणी नाही’ असे लिहिलेल्या कागदावर अंगठा देऊ नका. दिलाच असेल तरी घाबरू नका. कायद्याने मिळणारी भरपाई करार करून सोडून देता येत नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यात हे स्पष्ट होते आणि आता तीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. भरपाई वय, पगार आणि अपंगत्वाची टक्केवारी यांवरून सूत्राने ठरते, मालकाच्या मनावर नसते. १९२३ च्या कायद्यात कायम पूर्ण अपंगत्वाला किमान १ लाख ४० हजार आणि मृत्यू झाल्यास किमान १ लाख २० हजार रुपये अशी मर्यादा होती. बहुतेक प्रकरणांत सूत्राने येणारी रक्कम याहून बरीच जास्त असते. दावा दोन वर्षांच्या आत करावा. ईएसआय लागू असेल तर मार्ग वेगळा, तिथे पेन्शन मिळते.

पहिल्या दिवशीची दवाखान्याची चिठ्ठी मात्र हाताशी ठेवा. तिच्यावर ‘घरी पडल्याने’ असे लिहिलेले नाही ना, हे तिथेच उभे राहून वाचून घ्या.

सालदाराला हे काही लागू नाही ना? तो तर घरचाच.

सालदार म्हणजे वर्षभरासाठी ठरवलेला शेतगडी. पाडव्याला साल ठरते, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतली जाते आणि मग ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही. उचल फेडण्यासाठी माणसाला अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार तहसीलदाराकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करता येते. शेतमजुरालाही किमान वेतन लागू आहे. घरचा म्हटल्याने मजुरी कमी होत नाही.

हमीभाव आहे, सीसीआयचे (भारतीय कापूस महामंडळाचे) केंद्र आहे. तरी कापूस व्यापाऱ्यालाच का जातो?

हा प्रश्न दर दिवाळीनंतर येतो. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. पूर्ण भाव मिळायला ओलावा ८ टक्क्यांच्या आत लागतो. पुढे दर टक्क्याला एक टक्का कपात आणि १२ च्या वर खरेदीच नाही. म्हणजे ८,११० चा माल १२ टक्के ओलाव्याला सुमारे ७,७८६ वर येतो. पहिल्या वेचणीचा कापूस दव खाल्लेला असतो आणि नेमका तेव्हाच पैसा हवा असतो, कारण वेचणीवाल्या बायांचे पैसे द्यायचे असतात, रब्बीचा हरभरा पेरायचा असतो आणि कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते.

आता वर सांगितलेली दारं इथे कशी उघडझाप करतात ते बघा. सीसीआय खरेदी करते ती स्वतःच्या इमारतीत नव्हे, भाड्याने घेतलेल्या खासगी जिनिंगमध्ये. ग्रेडर सीसीआयचा असतो, पण आवार, धर्मकाटा, हमाल आणि गाडी कोणती आधी आत घ्यायची हे सांगणारा माणूस शेठचा. तुमची गाडी फाटकाबाहेर दोन रात्री उभी राहिली की भाडे वाढते. तिसऱ्या दिवशी सकाळी एक जण येऊन ‘हजार कमी घे, पण आत्ता नगदी’ म्हणतो. तो कापूस नंतर कोणाच्या सातबाऱ्यावर त्याच केंद्रावर विकला जातो, याच्या तक्रारी दर हंगामात होतात.

ठेक्याने वावर करणाऱ्याची गत याहून वाईट. सातबारा मालकाच्या नावे, पीकपेरा मालकाच्या नावे, त्यामुळे केंद्रावर विकण्याचा हक्कही मालकाचा. घाम ठेक्याने करणाऱ्या कास्तकाराचा, आणि तो थेट गावात कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याच्या दारात.

काय करता येते? ई-पीक पाहणी म्हणजे पेऱ्याची मोबाईलवरची नोंद वेळेत करा, सीसीआयची नोंदणी हंगामाआधी करा, आणि शक्य असेल तिथे बियाण्याची उधारी ज्याच्याकडे आहे त्यालाच कापूस विकू नका. हे शेवटचे बोलायला सोपे आणि करायला सगळ्यात कठीण आहे, याची आम्हाला जाण आहे.

जिनिंगवाला तरी काय करेल? भाव तर वरून ठरतो.

खरे आहे. सरकी आणि रुईचा भाव त्याच्या हातात नाही, आणि विजेचे बिल त्यालाही येते. वरच्या वजनाचे ताजे उदाहरण म्हणजे केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने लावलेल्या जबर शुल्कामुळे अडचणीत आलेल्या कापड उद्योगाची ती मागणी होती आणि तिथेही लाखो मजूर आहेत, हे मान्य. पण आपला कापूस बाजारात येण्याचे महिने हेच. गिरणीवाल्यांची संघटना दिल्लीत जाऊन बोलू शकते. पांढरकवड्याचा कास्तकार तिथे कोणाच्या तोंडून बोलतो?

सावकाराविरुद्ध तक्रार केली तर पोलिस घेतात का?

घ्यायला हवी. खामगावचे प्रकरण माहीत असू द्या. २००६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात सावकारीच्या तक्रारी एका आमदाराच्या कुटुंबीयांविरुद्ध आल्या, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून खामगावच्या ठाण्यात फोन गेला. ठाण्याच्या डायरीत त्या फोनची नोंद झाली. प्रकरण नागपूर खंडपीठात गेले आणि तिथे सरकारला २५ हजारांचा दंड झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये तो १० लाख केला. एका शेतकऱ्याची याचिका आणि पोलिस डायरीतली एक नोंद, एवढ्यावर हे उभे राहिले. ती नोंद ज्याने केली त्या पोलिसाचे आम्हाला फार कौतुक वाटते.

२०१४ च्या सावकारी कायद्याने शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के एवढेच व्याज लावता येते. परवाना नसेल तर सावकारीच बेकायदा. कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत करून घेतले असेल तर १५ वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते आणि चौकशीनंतर जमीन परत मिळू शकते. सावकाराच्या दारी माणूस हौसेने जात नाही. नागपूर, वर्धा आणि बुलढाण्याच्या जिल्हा बँका कोलमडल्या तेव्हा पीककर्जाचे दार बंद झाले आणि लोक तिकडे वळले. ठेवीदाराचा पैसा कोणी कुठे गुंतवला, याची किंमत अशी वावरापर्यंत येते.

खाणीची जनसुनावणी आहे. मांडवात कंपनीचीच माणसे भरलेली असतात. जाऊन उपयोग?

आहे, पण बोलण्यापेक्षा लेखी देण्याचा जास्त. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे सुनावणीआधी ३० दिवसांची जाहीर सूचना लागते, अहवालाचा मराठी सारांश लोकांना पाहायला उपलब्ध असावा लागतो, आणि सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण होते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी असतो. तिथे मतदान नसते. टाळ्या कोणाला जास्त पडल्या याला अर्थ नाही, इतिवृत्तात काय लिहिले याला आहे. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्याने भागत नाही. विहिरी किती, गुरांचा रस्ता कोणता, धूळ कोणत्या वावरावर बसते, हे लिहून द्या आणि पोच घ्या.

कंपनीने शाळा रंगवून दिली, मंदिराला सभामंडप दिला. मग तक्रार करणे कृतघ्नपणा नाही का?

मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे कायद्यानेच लावून दिले आहे. वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा असला तरी ती अट लागते. स्वतःच्या कामगारांपुरता केलेला खर्च त्यात धरता येत नाही आणि राजकीय पक्षाला दिलेला पैसाही नाही. फलकावर कंपनीचे नाव मोठे असू द्या, कायद्याचा कलम क्रमांक कोणी रंगवत नाही एवढेच.

खाणपट्ट्यात याहून मोठी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमते. जुन्या भाडेपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या म्हणजे रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांवर १० टक्के. ती खाणीने बाधित गावांसाठी आहे आणि पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर तिचा मोठा भाग खर्चायचा असतो. आपल्या गावाच्या नावावर काय खर्च पडला, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत कळते. ग्रामपंचायत हद्दीतला कारखाना कराऐवजी ठोक रक्कम भरतो का, कधी ठरली, किती वर्षे वाढली नाही, हेही विचारा. शाळेच्या रंगापेक्षा हा आकडा बहुधा मोठा निघतो.

धरणाचे पाणी कारखान्याला, कालवा कोरडा. हे कोण ठरवते?

मंत्रालय. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. अमरावतीजवळ नांदगावपेठच्या औष्णिक प्रकल्पाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून मोठे आंदोलन झाले. राज्यभर असा असंतोष वाढल्यावर २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. प्रकल्प मात्र उभा राहिला. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

निवडणुकीत पैसा कोण देते, ते कळू शकते का?

थोडे कळते. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले आणि कोणत्या कंपनीने कोणाला किती दिले ते मार्चमध्ये बाहेर आले. तालुक्यातल्या गाड्या, जेवणावळी आणि मंडळांच्या वर्गण्या कोणत्याच यादीत येत नाहीत.

स्थानिक पेपरात आमची बातमी का येत नाही?

वार्ताहराला पगार नाममात्र असतो, त्याची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. शेठच्या वाढदिवसाची पुरवणी तोच भरतो. त्याच्यावर राग काढू नका. त्याला कागद द्या. आवक क्रमांक असलेल्या अर्जाची बातमी करणे त्याला सोपे जाते.

कुठे तरी गावाने हे बदलले आहे का, की नुसत्या गप्पा?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा). गावाभोवतीच्या जंगलातला बांबू कागद कारखान्याच्या करारात होता. ग्रामसभेने वर्षानुवर्षे अभ्यास मंडळ चालवले, कायदे वाचले, २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. पण हक्क मिळूनही बांबू गावाबाहेर नेता येईना, कारण वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. एप्रिल २०११ मध्ये ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात आले आणि मग गावाने स्वतः हर्रास म्हणजे लिलाव केला. नंतर गडचिरोली-गोंदियातल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूपानाचेही असेच केले. सगळीकडे जमले नाही. काही ठिकाणी ठेकेदाराने चुकारा बुडवला, काही ठिकाणी जुना ठेकेदारच नव्या नावाने आला. तरी निदान भाव कोणाला विचारायचा, हे गावाच्या हातात आले.

जास्त मागितले तर मालक जिनिंग बंद करेल. मग?

ही भीती खोटी नाही, जिनिंग बंद पडलेल्या आपण पाहिल्या आहेत. पण त्या कशाने बंद पडल्या ते विचारा. कास्तकार कापूस सोडून सोयाबीनकडे वळला, बँकेचे कर्ज थकले, भावाभावांत वाटणी झाली. किमान वेतन दिल्यामुळे बुडालेली जिनिंग आम्हाला अजून कोणी दाखवलेली नाही.

मुलगा त्याच शेठच्या शाळेत शिक्षक आहे. मी तक्रार केली तर त्याची नोकरी जाईल का?

मान्यताप्राप्त खासगी शाळेतल्या कर्मचाऱ्याला १९७७ च्या कायद्याचे संरक्षण आहे. काढून टाकले तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. कायम नेमणूक असेल तर हे भक्कम आहे, तात्पुरत्या किंवा तासिका तत्त्वावर असेल तर फारच कमी. म्हणून आधी मुलाचा नेमणुकीचा आदेश आणि शिक्षणाधिकाऱ्याची मान्यता तपासा, मग पाऊल टाका. असे हिशेब करणे भित्रेपणाचे नाही.

तक्रार द्यायची तर कशी?

तपासणी अधिकाऱ्याने तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवायचे असते. कागदावर ते राहतेही, चहाच्या टपरीवर राहत नाही. त्यामुळे सात-आठ जणांच्या सहीने द्या, आणि सह्या गोल आकारात करा म्हणजे पहिले नाव कोणाचे हे कळत नाही. युनियन नोंदवायला किमान सात सभासद आणि एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल तेवढे लागतात.

मजुरी आणि नियुक्तिपत्रासाठी जिल्ह्याचे कामगार कार्यालय, पीएफसाठी पीएफ कार्यालय, यंत्र आणि अपघातासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. एका अर्जात एकच विषय ठेवा. पीएफ, शिवीगाळ आणि सरपंचाचा भ्रष्टाचार एकाच पानावर आले की प्रत्येक कार्यालय तो अर्ज दुसरीकडे ढकलते. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. क्रमांक देत नसतील तर बाहेर येऊन तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण त्या पावतीवरची शाई सहा महिन्यांत उडते.